तर्फे

पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात सुमंत एका भाडेकराराच्या दोन प्रती काढायला गेला होता. दुकानातल्या अंजनानं मशीनवरून मान न वळवताच एक पाकीट पुढं सरकवलं. वहिनींनी सकाळी मोबाइलवरून पाठवलेल्या प्रिंटा आहेत, शाळा सुटल्यावर नेते म्हणाल्या होत्या, तुम्हीच नेता का, असं तिनं विचारलं. पाकीट उघडंच होतं. त्यानं कागद बाहेर काढले ते सवयीनं. बावीस वर्षं कागद काढून त्यांच्या समासावर नजर टाकणं हेच त्याचं काम होतं. कुलमुखत्यारपत्र. लिहून देणार सौ. वल्लरी सुमंत खटावकर, राहणार सातारा. लिहून घेणार श्री. मुकुल तेरदाळकर, राहणार माधवनगर, सांगली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, मशीनचा हिरवा उजेड काचेखालून डावीकडून उजवीकडं सरकत गेला, आणि तेवढ्या वेळात सुमंतला इतकंच कळलं की आपल्या बायकोनं आपल्याखेरीज दुसऱ्या एका पुरुषाला लिहून दिलेलं आहे. काय लिहून दिलं ते नंतर. आधी नुसतं, लिहून दिलेलं आहे.

शेवटच्या पानावर दोघांचे फोटो होते. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात काढतात तसले, कॅमेऱ्याकडं बघा म्हणेपर्यंत निघालेले. त्या फोटोंत माणसं नेहमी काहीतरी चोरताना सापडल्यासारखी दिसतात, हे सुमंतला ठाऊक होतं. पण वल्लरी तशी दिसत नव्हती. नुकतंच कुणीतरी काहीतरी बोललं असावं आणि हसू ओठांवरून पुरतं उतरायच्या आधीच फोटो निघाला असावा. तिच्या शेजारी मुकुल, तिच्या माहेरच्या भिंतीपलीकडचा. मधे एक रेघ. रेघेच्या अलीकडं तिचा अंगठा, पलीकडं त्याचा. लग्नपत्रिकेवर सुद्धा नावं अशी इतकी जवळ छापत नाहीत, असं त्याच्या मनात आलं, आणि मग मनाला लाज वाटली, आणि मग लाज गेली आणि विचार तसाच राहिला. तारीख दीड वर्षापूर्वीची होती. सासूबाईंचं वर्षश्राद्ध. तो गेला नव्हता, कोर्टाला सुट्टी नव्हती. परत आल्यावर ती म्हणाली होती, आईच्या घराचं आता मुकुल बघेल. तो क्रिकेट बघत होता, आणि हं म्हणाला होता. म्हणजे तिनं लपवलं नव्हतं. हेच जास्त लागलं. लपवलं असतं तर निदान तिला आपली भीती आहे असं तरी झालं असतं.

सुमंत कोर्टाशेजारी विष्णुपंतांच्या ऑफिसात टायपिस्ट होता. विष्णुपंत नोटरी, वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत. कुणी मुखत्यारपत्र करायला आलं की ते सही घेण्याआधी त्याला समोर बसवून सांगत, की मुखत्यार म्हणजे तुमचाच हात, जरा लांब पोचणारा. हातानं आपल्या मनाचं काही करायचं नसतं, मालक सांगेल तेवढंच करायचं. आपला छुपा फायदा बघायचा नाही. पण एकदा दिलात की दिलात, त्यानं केलं ते तुम्ही केलं, असंच जग धरणार. आणि समजा, न विचारता कुणी तुमच्या नावानं काही करून बसला, तर तुम्ही ते नाकारू शकता किंवा मागाहून कबूल करू शकता, आणि कबूल केलंत तर त्याला पहिल्यापासूनच अधिकार होता असं धरलं जातं. माणसं माना डोलवत. सुमंत आतल्या टेबलावर फाइल उघडून नावं भरत असे. बाकी सगळं तयारच असे. ‘आपण माझे पूर्ण विश्वासातील असल्याने’ हे शब्द त्यानं शेवटचे स्वतःच्या बोटांनी कधी टाइप केले ते त्याला आठवतही नव्हतं. एकमेकांशी सहा वर्षं न बोललेले भाऊ पुण्याच्या वकिलांच्या सांगण्यावरून एकमेकांच्या पूर्ण विश्वासातले होऊन गेलेले त्यानं पाहिले होते. तेव्हा त्या दुपारी टेबलाशी बसून वल्लरीचा कागद वाचताना तो त्या शब्दांवर आला, ते पुन्हा वाचले, आणि त्यानं स्वतःला समजावलं की हे छापील आहे. हे कुणी कुणाला म्हणत नसतं.

पण चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. तो त्यावरून पुढं गेला, आणि पायाला खडा लागावा तसा मागं आला. ‘तुम्ही माझा निरोप जसाच्या तसा, पदरचे काही न घालता पोहोचविता, असा माझा अनुभव आहे.’ हे कुठल्याही फाइलीतलं वाक्य नव्हतं. साताऱ्यात नव्हतं, कऱ्हाडात नव्हतं, सांगलीतही कुणाच्या फाइलीत असणार नव्हतं. ज्याला हजार मुखत्यारपत्रं पाठ आहेत त्यालाच कळेल, की इथं एका बाईनं टायपिस्टाला थांबवलंय आणि माझं एवढं वाक्य घाला म्हणून सांगितलंय. टायपिस्ट म्हणाला असेल, बाई, याची जरुरी नसते. ती म्हणाली असेल, असू दे. आणि मुकुल शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत असेल. माझा निरोप. कसला निरोप? कुणाला पोहोचवला यानं, कधी? सतरा वर्षांच्या संसारात वल्लरीनं आपल्याला असं एक वाक्य दिलं असेल, तर ते कुठलं, असं तो शोधत बसला. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारल्यावर बरोबर आहे म्हणाली होती. एकदा तापात त्याचा हात धरून, तुम्ही आहात ना, म्हणाली होती, पण तो प्रश्न होता. तिचा अनुभव काय आहे, हे तिनं त्याला कधी लिहून दिलं नव्हतं.

आणि मग खालचं ते कलम, जे प्रत्येक कागदात असतं: ‘तुम्ही केलेली सर्व कृत्ये मी स्वतः जातीने केली आहेत असे समजून ती मला मान्य व कबूल राहतील.’ त्या कलमानं त्याला दिवसभर पोखरलं. मुकुलनं माधवनगरच्या त्या घराचं कुलूप काढलं, म्हणजे तिनं काढलं. तो तिच्या आईच्या स्वयंपाकघरात गेला, तिनं जिथं लहानपणी उंचीच्या खुणा केल्या त्या भिंतीवर हात ठेवला, तर तो हात तिचाच. मुकुलचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याची बारीक तार बोटांनी गुंडाळून गुंडाळून त्याची बोटं शेंड्याकडं लालसर झाली होती, ती सुमंतला आता स्वतःच्या बोटांपेक्षा स्पष्ट दिसायला लागली. ती बोटं दीड वर्ष तिच्या नावानं सही करत होती. ग्रामपंचायतीत, वीज कंपनीत, वारसनोंदीला. वल्लरी सुमंत खटावकर तर्फे. तिच्या नावाच्या पोटात त्याचं स्वतःचं, नवऱ्याचं नाव होतं, म्हणजे मुकुलची बोटं येताजाता त्यालाही लिहीत होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. थापताना ती गुणगुणायची, शब्द अर्धे ओठात, अर्धे परातीत. आईकडून आलेल्या ओव्या. सुमंतला त्या पाठ नव्हत्या पण ओळखीच्या होत्या, शेजारच्या घरातल्या घड्याळाच्या ठोक्यांसारख्या. आज पहिल्यांदा त्यानं शब्द ऐकले.

सण पंचमीचा आला, माझं लक्ष वाटेवरी,
मुराळ्याच्या पायाखाली धूळ झाली गं केशरी.

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला माहेरी न्यायला येणारा. भाऊ असला तर भाऊ, नसला तर आई जवळचं कुणीतरी पाठवते. वल्लरीला भाऊ नव्हता. लग्नानंतर दर पंचमीला तिला न्यायला भिंतीपलीकडचा मुकुल यायचा, तिच्याच वयाचा, तिच्याबरोबर एका पाटीवर अक्षरं गिरवलेला. सुमंतनं इतकी वर्षं ती ओवी ऐकली होती आणि पाय कुणाचे ते विचारलं नव्हतं. त्यानं पाकीट ओट्यावर ठेवलं आणि अंजनानं दिलं, म्हणाला. तिनं पिठाचे हात तसेच धरून पाकिटाकडं पाहिलं. शुक्रवारी खरेदीखत आहे, आदगोंडा म्हणून एक जण घेताहेत, दुधगावकडचे, मुलीच्या कॉलेजसाठी, माणसं राहणार आहेत घरात, एवढंच बरं आहे, असं ती सांगत गेली. तू जाणार नाहीस का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली की त्या घरावरून आपलं नाव उतरताना तिथं उभं राहायचं नाही तिला.

मग त्यानं हवं होतं ते विचारलं. “मी होतो की. मुकुल कशाला?”

वल्लरीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “तुम्ही आहातच,” ती म्हणाली.

त्या उत्तराचा त्यानं रात्री अंथरुणात पडून सगळ्या बाजूंनी अर्थ लावून पाहिला, आणि सगळ्या बाजूंनी तो एकाच ठिकाणी येऊन थांबला. आहातच. भिंत असते तसे. शुक्रवारी कऱ्हाडला काम आहे म्हणून तो निघाला आणि सांगलीच्या गाडीत बसला. काय करणार होतो ते त्याला सांगता आलं नसतं. विष्णुपंतांचं वाक्य त्यानं खिशात घेतल्यासारखं बरोबर घेतलं होतं: मुखत्यारानं छुपा फायदा घ्यायचा नाही. त्याला मुकुलचा छुपा फायदा बघायचा होता. फोटोतलं ते उतरता उतरता राहिलेलं हसू, तो फायदाच नव्हे काय?

कऱ्हाडनंतर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. गाडी त्यांच्या मागं मागं जात होती, वाळलेलं पाचट खिडकीतून आत येत होतं, आणि सुमंतला तो श्रावण आठवला. आठवायचा नव्हता. दोन वर्षं त्यानं तो आठवला नव्हता, म्हणजे रोज थोडा थोडा बाजूला सारला होता. त्या दिवशी मुकुल थेट कोर्टाशी, त्याच्या टेबलापाशी आला होता. घराला कुलूप, वल्लरी शाळेत. अंगात नवा पांढरा शर्ट, हातात स्टीलचा डबा, डब्यात काकूंनी, म्हणजे सासूबाईंनी, दिलेली पुरणाची दिंडं. फोनवर बोलावणं म्हणजे काय बोलावणं, असं सासूबाईंचं मत होतं. पंचमीला मुराळीच जायला पाहिजे. यंदा काकूंचं काही खरं दिसत नाही दाजी, चालताना धाप लागते, आठ-दहा दिवस राहू द्या तिला, असं मुकुल सांगत होता. सुमंत ऐकत होता, ऐकत नव्हता. कारण त्याआधी, टेबलापाशी येताच, घाम पुसता पुसता मुकुलनं विचारलं होतं, “वलू कुठाय?”

वलू. सुमंत तिला वल्लरी म्हणत असे. पंधरा वर्षं त्याच्या घरात एक वल्लरी राहात होती, आणि या माणसाच्या तोंडात, त्या दिंडांच्या वासात, दुसरीच कोणी एक वलू होती, जिच्याशी त्याची कधी गाठ पडलेली नव्हती. आणि ही वलू आता मुकुलबरोबर एसटीत खिडकीशी बसणार, कऱ्हाडला उसाचा रस पिणार, झोक्यावर उभी राहून झोका चढवणार, आणि दहा दिवसांनी वल्लरी होऊन परत येणार. त्यानं टायपिंगवरून नजर न काढता सांगितलं, “ती म्हणाली, यंदा जमायचं नाही. परीक्षा आहेत.” इतकं सहज निघालं, की त्याला स्वतःलाच क्षणभर वाटलं ती तसं म्हणाली होती. मुकुल थोडा वेळ उभा राहिला. डबा टेबलावर ठेवला आणि पुढच्या गाडीनं परत गेला. मुराळ्याला असं दारातून रिकाम्या हातानं कुणी परतवत नाही, हे सुमंतला माहीत होतं. डबा त्यानं ऑफिसात वाटून टाकला आणि धुऊन कपाटामागं ठेवला. घरी वल्लरी पिशवी भरून बसली होती. रात्री तिनं पिशवीतून साड्या एक एक करून परत कपाटात ठेवल्या. आईनं यंदा कुणाला पाठवलं नाही, म्हणाली. मुलींचा रुसवा असतो, तिनंही मग फोन केला नाही. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई गेल्या.

आष्ट्याला गाडी थांबली. सुमंतनं पाण्याची बाटली घेतली. वल्लरी त्याला त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नव्हती, म्हणजे तिला ठाऊक नसणार, हे त्यानं दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं आणि आताही तेच ठरवलं. आयर्विन पुलावरून गाडी जाताना खाली कृष्णेचं पाणी आटून शांत पडलं होतं. हळदीचा वास आला. त्याला एवढंच दिसत होतं की पलीकडं, या पाण्याच्या पलीकडं, एक माणूस आज दिवसभर त्याची बायको असणार आहे.

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात बाकावर चौघे बसले होते. मुकुल त्याला बघून उठला, अरे दाजी, म्हणाला, आणि चेहऱ्यावर जे आलं ते सुमंतनं नीट न्याहाळलं, पण ते नुसतं आश्चर्य निघालं. मुकुलनं जागा करून दिली, चहा सांगितला, ओळखी करून दिल्या. आदगोंडा म्हणजे घेणारे, उंच, पांढरी टोपी, गुडघ्यावर पिशवी. त्यांच्या शेजारी त्यांचे मेहुणे गोमटेश, एक साक्षीदार. दुसरे साक्षीदार तात्याबा, सासूबाईंच्या गल्लीतले, जुने मिलकामगार, कानानं थोडे अधू. मुकुलच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. सुमंतनं वर वर वाचलं. लिहून देणार: सौ. वल्लरी सुमंत खटावकर तर्फे कुलमुखत्यार मुकुल. सहीच्या जागी शाईच्या पेनानं केलेल्या फुल्या. त्या फुल्यांवर आता ती बोटं टेकणार. तारेसारखी सरळ, काळजीपूर्वक, एक अक्षर न सांडता. त्याला वाटलं, हा माणूस काही चुकीचं करत असता तर किती बरं झालं असतं. घर स्वतःच्या मेहुण्याला विकत असता, मधले काही खात असता. मुकुल काहीच खात नव्हता. तो फक्त वल्लरीच्या जागी बसला होता, आणि ती जागा त्याला बरोबर होत होती.

आदगोंडांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांना वकिलानं सांगून ठेवलं होतं की मुखत्यारावर खरेदी करताना मालक हयात आहे ना आणि कागद रद्द झालेला नाही ना, एवढं विचारून घ्यायचं. मुकुलनं तसं लेखी दिलंच होतं. पण समोर खुद्द घरातला माणूस आल्यावर विचारायला काय हरकत, अशा सहजपणानं ते सुमंतकडं वळले.

“तुमी ताईंचं मालक न्हवं का? मग तुमीच सांगा की. कागद चालू हाय न्हवं?”

मालक. या भागात नवऱ्याला मालक म्हणतात. विष्णुपंतांच्या ऑफिसात, ज्याच्या वतीनं मुखत्यार काम करतो त्याला मालक म्हणतात. दोन्ही शब्द एकाच वेळी सुमंतच्या अंगावर आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मुकुलला ओलांडून त्याला विचारत होतं. 

“रद्द केलंय तिनं,” तो म्हणाला.

“कवा?”

“काल.”

मुकुलनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नव्हे. तो त्या श्रावणातही असाच बघत उभा राहिला होता, डबा हातात धरून, आणि सुमंतला वाटलं की आपण ते टेबल उचलून इथवर घेऊन आलो आहोत. तात्याबांना गोमटेशनं कानात मोठ्यानं सांगितलं, रद्द झालंय म्हणं. तात्याबा म्हणाले, मग माझं काय काम, आणि काठी घेऊन निघाले. कुणी थांबवेपर्यंत वडापच्या रिक्षात बसलेही. आदगोंडा पिशवीची दोरी आवळत होते. लेकीला विश्रामबागेत दुसरी एक खोली बघून ठेवलीय, आमाला घाई न्हाई, पण असं आधी सांगायचं असतंया, असं ते कुणाला उद्देशून नव्हे असं बोलले. मुकुलनं मोबाइल काढला, वल्लरीचा नंबर लावला, आणि स्वतः न बोलता तो आदगोंडांच्या हातात दिला. तुम्हीच विचारा, मी विचारलं तर त्यात माझं काहीतरी मिसळेल, म्हणाला.

फोन मोठ्या आवाजावर होता. आदगोंडांनी दोन वाक्यांत सांगितलं, तुमचं मालक इथं आल्यात, कागद रद्द केलाय म्हणत्यात, खरं काय ते सांगा ताई.  पलीकडं शाळेचं पटांगण असावं, लांबून मुलींचा गलका येत होता. सुमंत फोनच्या काळ्या पट्टीकडं बघत होता. ती हो म्हणाली तर. तिनं हो म्हटलं तर ते खोटं उरणार नव्हतं. कायद्यानंच उरणार नव्हतं. मालकानं कबूल केलं की पहिल्यापासून अधिकार होता असं धरतात. काल रद्द केलं म्हटलं ते कालपासून खरं होईल. आणि काल खरं झालं की त्याच्या मागचंही, एकामागोमाग एक, त्या श्रावणापर्यंत, पुरणाच्या दिंडांपर्यंत, यंदा जमायचं नाही पर्यंत. एक शब्द फक्त. तो कधी देवापाशी असं काही मागत नसे. त्यानं मागितलं.

“त्यांना मी काही सांगायला सांगितलेलं नाही,” वल्लरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, वर्गात हजेरी घेताना असतो तसा होता. “ते स्वतःचं सांगत असतील. मुकुलचा कागद चालू आहे.” आणि फोन बंद झाला.

 आदगोंडांनी फोन परत दिला आणि दोरी आवळलेली पिशवी पुन्हा गुडघ्यावर ठेवली. गोमटेश भिंतीवरचा मुद्रांकाचा तक्ता वाचायला लागला. सुमंत उठून व्हरांड्यात आला. बाहेर ऊन होतं, एक म्हातारी टपाली तिकिटाएवढे फोटो कात्रीनं कापत बसली होती. जातो म्हणावं आणि जावं, एवढंच त्याला सुचत होतं, पण पाय निघत नव्हते. मुकुल त्याच्या मागं येऊन उभा राहिला. तो शेजारी उभा राहिला याचाही सुमंतला राग आला. या माणसाला बोलणं झाल्यावर निघून जाता यायला हवं होतं.

“दाजी,” मुकुल म्हणाला, “त्या पंचमीचं मी तिला तेराव्यालाच सांगितलंय. म्हणजे मी विचारलं, तू का नाही म्हणालीस म्हणून. तेव्हा तिला कळलं.”

“मग?”

“मग काही नाही. काकूंनी निरोप दिलेला, तो तिच्यासाठीच होता. तो पोचवायला नको का, उशिरा का होईना?”

सुमंत त्याच्या बोटांकडं बघत राहिला. तेराव्याला. म्हणजे ती त्याच्याबरोबर दोन वर्षं माहीत असून राहिली होती. भाकरी थापली होती, तापात त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, त्याच्या शर्टांना बटणं लावली होती. त्यानं या दोन वर्षांतला एकेक दिवस उचलून पाहिला आणि प्रत्येकाच्या पाठीमागं तिला ठाऊक होतं. रागावली असती तर भांडण झालं असतं, मिटलं असतं. तिनं फक्त एक केलं, तिच्यातर्फे बोलायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, आणि ते ज्याच्याकडं द्यायचं त्याच्याकडं दिलं, रीतसर, मुद्रांकावर. कागदातलं ते वाक्य मुकुलसाठी नव्हतंच. ते त्याच्यासाठी होतं, टायपिस्टासाठी, ज्याला छापील काय नि वेगळं काय ते कळतं. आणि आपण ते वाचून सांगलीपर्यंत आलो, मुकुलवर जळत. अजूनही जळतच होतो. तेवढं काही विझलं नव्हतं. फक्त आता कशावर, ते बदललं होतं. मुकुलला वलू मिळाली म्हणून नव्हे. मुकुल तिला विचारत होता, म्हणून.

आत नंबर पुकारला. मुकुल धावला. मग लगेच बाहेर येऊन, जरा चाचरत, म्हणाला की तात्याबा गेले, त्यांच्याकडं मोबाइल नाही, आणि ओळख पटवायला साक्षीदार दोन लागतात. नंबर गेला तर आज होणार नाही. सोमवारपर्यंत आदगोंडा थांबतील का, सांगता येत नाही. आतून आदगोंडांचा आवाज आला, थट्टेचा की खरा ते कळेना, “मालकच द्या की ओळख. येवढं आल्यात तर.”

खिडकीमागच्या बाईंनी वर न बघता आधार कार्ड मागितलं. गोमटेशचं आधीच झालं होतं. मुकुल काचेशी उभा होता, सह्या झालेल्या होत्या, वल्लरी सुमंत खटावकर तर्फे, आठ पानांवर आठ. बाईंनी सुमंतचं नाव भरलं, पत्ता भरला, आणि रोज शंभरदा म्हणतात तसं एका दमात म्हणाल्या, “लिहून देणार यांना आपण व्यक्तिशः ओळखता, बरोबर?”

“ओळखतात,” मुकुल म्हणाला. त्याला काम संपवायचं होतं.

“तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू द्या.”

“यांना ओळखतो,” सुमंत मुकुलकडं हात करून म्हणाला.

“यांना हो. पण हे तर्फे आहेत. लिहून देणार बाई आहेत ना? वल्लरी. त्यांना ओळखता?”

बाकावरचे आदगोंडा हसले. आवं बायकू हाय त्येंची, ते म्हणाले. बाईही हसल्या आणि बोट बटणावर नेलं. सुमंतच्या ओठांवर हो आलेलं होतं, नेहमीसारखं, न अडखळता, दुसऱ्याच्या नावानं सहज निघणारं. ते तिथं आहे हे त्याला आज पहिल्यांदाच जिभेला जाणवलं.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “तिला विचारून सांगतो.”

मागं रांगेत कुणीतरी च्यक् केलं. बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. मुकुलनं पाठ फिरवली आणि बाकापर्यंत गेला, कानावर काही पडणार नाही इतका दूर. सुमंतनं फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिनं घेतला, पण हॅलो म्हटलं नाही.

“वल्लरी,” तो म्हणाला, आणि त्यानं कायद्याच्या भाषेत न जाता, कसंबसं, लहान मुलासारखं विचारलं. “इथं मी तुला ओळखतो असं लिहून द्यायचंय. देऊ?”

पलीकडं शाळेची घंटा व्हायला लागली. लांबलेली, मधल्या सुट्टीची. घंटा थांबली तरी ती काही बोलली नाही. खिडकीमागच्या बाई बटणावर बोट धरून बसल्या होत्या, रांग वाट बघत होती, आणि सुमंत फोन कानाशी दाबून उभा राहिला, तिच्या जागी काहीही न बोलता.